उलट्या गाडीत नाथा

दाखव रे तो मोबाइल. जरा लांब धर, माझा चष्मा घरी राहिला... हां. हीच ती. वर रूळ, रुळाला लटकलेला डबा आणि डब्याखाली नदी. बंद कर. बंद कर म्हणतो ना, साईराज!

घाबरलो-बिबरलो नाही. पेण डेपोची एसटी चालवून म्हातारा झालेला माणूस मी, व्हिडिओ बघून घाबरतो होय? पण ती उलटी गाडी दिसली की एक माणूस आठवतो आणि तोंड कडू होतं. नितेश, तुला हसू येतंय. हस. हरेश पण असाच हसायचा, एका बाजूचा ओठ वर करून. सगळं जग आपल्या चपलेखाली आहे असं ज्यांना वाटतं ते असेच हसतात.

रोह्याची गाडी पेणलाच उभी करून ठेवली आहे म्हणतात. म्हणजे इथं कासूला यायला अजून वेळ आहे. तुम्हाला शिफ्टला उशीर होणार, मला लेकीकडे वालाची पिशवी पोचवायला उशीर होणार. फलाटावर आपण तिघं, एक कुत्रं आणि ही मरतुकडी ट्यूब. बसा, सांगतो. खरं का खोटं ते विचारायचं नाही. शेवटचं माझ्या डोळ्यांदेखत झालंय. आधीचं हरेशनं माझ्यासमोर रडत सांगितलंय, आणि त्या गड्याला खोटं रडता येत नव्हतं. खरं रडायची पण त्याची पहिलीच वेळ होती.

हरेश म्हणजे आमच्या नाथाचा मुलगा. नाथा मिठागरात राबायचा. तुम्ही आतल्या गावची भातवाली पोरं, तुम्हाला मीठ फक्त पुडीतलं ठाऊक. खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ धरलं की लाकडी फावड्यानं ओढायचं. सगळं अनवाणी. पायाला भेगा आणि भेगांत मीठ. नाथा चालत गेला की त्याची ओली पावलं वाळून पांढरी व्हायची. तो आमच्याकडे येऊन गेला की मी घरी नसलो तरी मला कळायचं, कारण लादीवर पावलं असायची. त्याच्या उजव्या पायाचा अंगठा बाहेर वळलेला होता. त्यामुळे पाऊल कुणाचं ते विचारावं लागायचं नाही.

त्या मिठावर हरेश शिकला. डिप्लोमा केला, रोह्याला एका केमिकलच्या कंपनीत लागला, साहेब झाला. प्रणिताशी लग्न झालं, फ्लॅट झाला. व्हावा की! मला त्याचं काही दुखत नाही. पण फ्लॅटबरोबर अक्कलही मिळते अशी त्याची समजूत झाली. गावाला आला की नाकाला रुमाल. प्यायला बाटलीतलं पाणी. आईला, म्हणजे आमच्या पुतळीवहिनीला, सांगायचा, "आमच्या सोसायटीत आलीस की गप बसत जा गो आई, तुझं बोलणं ऐकून लोक हसतात." लोक कुठले हसतात! त्यालाच लाज वाटायची.

मग त्यानं गाडी घेतली. पांढरी. दसऱ्याला पूजेसाठी गावी आणली. वहिनीनं हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबं ठेवली, भावकीतले सगळे आळीपाळीनं आत बसून आले. नाथा बांधावर चिखलाच्या कामाला गेला होता. गाडी आल्याचं कळलं तसा धावत आला. दाराला हात लावणार, तेवढ्यात हरेश म्हणाला, "बाबा, आधी पाय धुऊन या. सीट नवीन हाय."

आता ऐका नीट. आमच्या खाडीकाठच्या खारेपाटात गोडं पाणी म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नाही. नळाला आलं तर आलं. घरात एक हंडा प्यायला ठेवलेला, त्यातलं पायावर कोण ओतील? नाथा खाडीवर गेला. पाय घासघासून धुतले आणि परत आला. पण घरी येईपर्यंत ते खारं पाणी वाळलं, आणि पाय होते त्याहून पांढरे दिसायला लागले. हरेशनं एकदा पायांकडे बघितलं.

"राहू द्या आता. पुढच्या वेळेला."

आणि दार लावून घेतलं. बापाच्या तोंडावर! मी तिथंच होतो. नाथा मला म्हणतो, "नवी गाडी हाय पोपट. खराब होल ना." वर हसतोय. मला त्या पोराच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला. पण बापच हसत होता, मी काय करणार?

पुढची वेळ काही आली नाही.

मग चैत्रात हरेश गावाला आला तो जर्मनीची बढाई घेऊन. कंपनी त्याला मशीनच्या ट्रेनिंगला पाठवणार होती, वुपरटाल नावाच्या शहरात. ओटीवर बसून त्यानं सगळ्यांना हाच व्हिडिओ दाखवला, तुमच्या मोबाइलवर आहे तो. शंभराहून जास्त वर्षं जुनी गाडी, नदीच्या वरून लटकत जाते, वगैरे वगैरे. नाथा मागं उभा राहून बघत होता. कधी नव्हे ते त्यानं मध्ये तोंड घातलं.

"पाण्यावरून जाते?"

"व्हय."

"नि कोणाचं पाय नाय भिजत?"

"गाडीत बसल्यावर पाय कसे भिजतील, बाबा?"

नाथा तो व्हिडिओ परत लावायला सांगून बघत राहिला. जन्म खाऱ्या पाण्यात गेलेला माणूस. पाण्यावरून जायचं आणि पाय कोरडे, हे त्याला देवाघरचं वाटलं असणार. म्हणाला, "हरेश, मना या गाडीन एकदा बसव रं."

हरेश हसला. तोच एक ओठ वर. "तुम्हाला? तुमचे पाय बघून तिथली माणसं गाडी धुवायला काढतील!"

भावकी खो खो हसली. असली भावकी असते.

वैशाखात नाथा गेला. मिठागरात, बांधावर बसल्या जागी. ऊन लागलं. शेजारी फावडं तसंच.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला. कावळे भरपूर. समोर तिवराच्या झाडांवर ओळीनं बसलेले. पण एकही खाली उतरेना. अशा वेळी काय करतात ते तुम्हाला सांगायला नको. गेलेल्याची काय इच्छा राहिली असेल, ते एकेकानं पुढं होऊन बोलायचं. नाथाचा भाऊ म्हणाला, "तुझ्या भाविकाचं लग्न आम्ही करू, पोरीची काळजी करू नको." कावळे ढिम्म. वहिनी म्हणाली, "मी बरी हाय, माझ्यात जीव अडकवू नका." नाही. कुणी म्हणालं घर दुरुस्त करू, कुणी म्हणालं देवळाला घंटा देऊ. ऊन डोक्यावर यायला लागलं. हरेश सारखं घड्याळ बघत होता, त्याला व्हिसाच्या कामाला मुंबईला जायचं होतं. शेवटी तो वैतागला. उठला, पँटीची माती झटकली आणि पिंडाकडे न बघता म्हणाला,

"बाबा, त्या जर्मनीच्या उलट्या गाडीत बसवतो तुम्हाला. बास? या आता."

चेष्टेनं, रे. बापाच्या पिंडापुढं चेष्टा!

त्याचं बोलणं संपायच्या आत कावळा उतरला. एकच. पिंडावर बसला, शितं उचलली आणि गेला.

बायका रडायला लागल्या. मी हरेशचा दंड धरला. म्हटलं, "बोललास ते ध्यानात ठेव." तो काय म्हणाला माहिताय? "काका, मेलेल्या माणसाला व्हिसा लागत नाय. येतील स्वतःच."

...

आला.

तुम्ही पोरं गटारी करत होतात ना यंदा, दिव्यांच्या अवसेला? कोंबड्या कापून, बाटल्या फोडून? तीच रात्र. तिकडं जर्मनीत उन्हाळा, सूर्य लवकर मावळायचं नाव घेत नाही, पण त्या वेळेला चांगलं काळोखलं होतं. प्रणितानं चॉकलेटं मागवली होती. म्हणून हरेश जेवण झाल्यावर बाजाराच्या बाजूला गेला. चॉकलेटं घेतली. परत हॉटेलवर जायला जवळची म्हणून त्या गाडीच्या स्टेशनचा जिना चढला. बापाला बसवायचं वगैरे काही त्याच्या डोक्यात नव्हतं. साफ विसरला होता. तिथं पोचला त्या दिवसापासून कंपनीच्या मोटारीतून फिरत होता आणि नदी बघून म्हणत होता, "हिला नदी म्हणतात? आमची खाडी दाखवा यांना." तिथं गेल्यावर आपली खाडी आठवली बघा. इथं असताना तिचा वास यायचा.

नदीच्या दोन्ही काठांवर लोखंडी तंगड्या रोवल्यात, त्यावर रूळ, आणि गाडी खाली लोंबते. पाय ठेवला की डबा हलतो, होडीसारखा. हरेश मागच्या बाजूला जाऊन खिडकीशी बसला. शेजारची सीट रिकामी. तिच्यावर त्यानं चॉकलेटची पिशवी ठेवली. डब्यात माणसं तुरळक. दार लागलं आणि गाडी सुटली. खाली काळं पाणी.

म्हणाला, मजा वाटत होती, काका. मोबाइल काढला, स्टेटसला टाकायला.

तेवढ्यात वास आला.

खाजणाचा वास. भरती उतरल्यावर येतो तो. चिखल, शेवाळ, मीठ. जर्मनीत! त्यानं खिडकीकडे बघितलं. बंद. खालच्या नदीचा असेल म्हणून तो पुन्हा मोबाइलमध्ये शिरला.

पुढचं स्टेशन आलं. दार उघडलं. कुणी चढलं नाही. दार लागलं.

आणि फरशीवर... दारापाशी... एक ओलं पाऊल.

मग दुसरं.

अनवाणी. सावकाश. डबा हलला की थांबायचं. सवय नसलेला माणूस हलत्या गाडीत कसा चालतो, तसं. मग पुढचं पाऊल. हरेश बघतोय. पाय नाहीत. माणूस नाही. नुसती पावलं उमटतायत. मागची वाळत होती. वाळून पांढरी होत होती.

उजव्या पायाचा अंगठा... बाहेर वळलेला.

पावलं आली. त्याच्या शेजारच्या सीटसमोर थांबली. दोन्ही पावलं जुळवून. साहेबासमोर उभं राहावं तशी.

वर धरायचे पट्टे असतात ना, ते सगळे झुलत होते. गाडीच्या हेलकाव्यानं, एकदम, सगळे इकडे, सगळे तिकडे. त्या पावलांवरचा पट्टा तेवढा झुलत नव्हता. ताणलेला होता. कुणीतरी धरलेला.

सीटवर पिशवी. चॉकलेटची.

नुसती पिशवी उचलायची होती, रे. एवढंच. पिशवी उचलून मांडीवर घ्यायची आणि म्हणायचं, "बाबा, बसा."

पुढच्या स्टेशनला एक गोरी म्हातारी चढली. नीटनेटकी, हातात छत्री. ती त्या सीटकडे आली. आणि थबकली. तिनं खाली बघितलं. ओली फरशी, पांढरे डाग. मग हरेशच्या बुटांकडे बघितलं. मग त्याच्या तोंडाकडे. आणि नाक मुरडलं. जर्मन भाषेत काहीतरी बोलली आणि लांब जाऊन उभी राहिली. तिथून सारखी बघत होती.

आणि तेव्हा... समोरून आवाज आला. हळू. विचारतोय असा.

"बसू काय रं?"

...

हरेश काही बोलला नाही.

मी त्याला विचारलं, का नाही बोललास? दातखीळ बसली? तो म्हणाला, "भीती वाटली काका, खोटं कशाला बोलू? पण त्याच्या आधी लाज वाटली. ती बाई बघत होती." थू! सात समुद्रापलीकडची कोण ती बाई, जन्मात परत दिसणार नाही, तिच्यासमोर लाज. मेलेला बाप समोर उभा, बसू का म्हणून विचारतोय, आणि याला लाज वाटते त्या बाईची!

पुढच्या स्टेशनला दार उघडल्याबरोबर तो पळाला. पिशवी तिथंच टाकून. फलाटावरून त्यानं मागं बघितलं. उजेडात सगळं दिसत होतं. म्हातारी उभी. सीटवर पिशवी. सीटसमोरचा एक पट्टा सरळ. गाडी हलली, नदीच्या वळणाबरोबर वळली आणि गेली. हा पायी हॉटेलवर गेला.

पुन्हा त्या गाडीत बसला नाही. ट्रेनिंग उरकलं, घरी आला. इथं आल्यावर कुणाला काही सांगितलं नाही. प्रणितालाही नाही. त्याला वाटलं, तिकडचं तिकडं राहिलं.

आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बिल्डिंगचा वॉचमन, प्रविण त्याचं नाव, वर येऊन म्हणाला, "साहेब, तुमच्या गाडीजवळ मीठ कोण सांडतं?"

हरेश खाली गेला. पार्किंगच्या फरशीवर दोन पांढरी पावलं. ड्रायव्हरच्या शेजारच्या दाराबाहेर. बोटं दाराकडे. उजवा अंगठा बाहेर. आलेली दिसत नव्हती, गेलेली दिसत नव्हती. नुसती उभी राहिलेली.

प्रविणनं पुसलं. दुसऱ्या सकाळी परत. गाडी दुसऱ्या कोपऱ्यात लावली, पावलं तिथं. कंपनीत नेऊन लावली, तिथं. दाराबाहेर, तोंड दाराकडे. दार कधी उघडलेलं नाही, काचेला कधी हात लागलेला नाही. वाट बघणारी पावलं, रे. ज्याला कुणी बस म्हटलेलं नाही त्याची.

हरेशनं गाडी वापरायची सोडली. कंपनीच्या बसनं जायला लागला. जेवण तुटलं. रात्री उठून गॅलरीतून पार्किंगकडे बघत बसायचा. प्रणिता घाबरली, तिनं वहिनीला फोन केला, वहिनीनं मला. गणपती गेले, पितृपक्ष लागला, आणि सर्वपित्रीच्या संध्याकाळी मी रोह्याला गेलो. दुसऱ्या दिवशी घट बसायचे होते.

हरेश माझ्या पायावर पडला. तेव्हा त्यानं हे सगळं सांगितलं. वर म्हणतो, "काका, तुमचं ऐकायचे ते. तुम्ही सांगा ना त्यांना जायला."

मी म्हटलं, "मी कशाला सांगू? पिंडापुढं तू बोललास. बसवतो म्हणालास. बसवलास का? नाय ना? मग तो कुठं जाईल? जर्मनीत सांगायला लाज वाटली, इथं कुणाची वाटते? त्या वॉचमनची?"

मी म्हटलं, "चावी आण."

खाली गेलो. बिल्डिंग झोपली होती. प्रविण गेटावर खुर्चीत पेंगत होता. पार्किंगला एकच दिवा, तोही लांब. मी टॉर्च मारला. पावलं होती. तिथंच. बोटं दाराकडे.

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. रात्र रात्र जागलेल्या माणसाच्या हातात स्टेअरिंग कोण देईल? मी म्हटलं, शेजारचं दार उघड. पुढचं. मागं नाही, पुढं बसव.

हरेशनं दार उघडलं. बाजूला उभा राहिला. तोंड उघडलं... मिटलं. परत उघडलं.

मी आतून म्हटलं, "बोल."

"बाबा..."

...

"बाबा, बसा."

काही नाही.

काहीच नाही. मी टॉर्च विझवला. का विझवला ते मला विचारू नका. दोघंही ऐकत होतो.

मागं, भिंतीकडे, पाण्याचा आवाज आला. गाड्या धुवायचा नळ आहे तिथं. पाणी पडतंय. थोडा वेळ. मग बंद. हरेश पुटपुटला, "प्रविण असंल." मी गेटाकडे बघितलं. प्रविण खुर्चीतच होता. मान छातीवर.

मग पावलांचा आवाज. ओल्या. चप... चप... चप...

जवळ आल्यावर थांबला.

आणि गाडी त्या बाजूला जराशी दबली.

मी समोर बघत राहिलो. समोर भिंत होती, तिच्याकडे. मान वळवली नाही. मी नाथाचा मित्र, तरी वळवली नाही. दार आपोआप लागलं नाही, हरेशनं लावलं. हळू. एवढ्या हळू त्यानं आयुष्यात कुठलं दार लावलं नसेल. तो मागच्या सीटवर येऊन बसला. मी गाडी सुरू केली.

टिंग. टिंग. टिंग. टिंग.

तुम्हाला माहिताय ना, पुढं माणूस बसला आणि पट्टा लावला नाही की नव्या गाड्या कशा ओरडतात? शेजारी कुणी नव्हतं. म्हणजे दिसत नव्हतं. आणि गाडी ओरडत होती. रोहा सोडलं तरी ओरडत होती. निडीच्या फाट्यापर्यंत मी ते ऐकलं. मग गाडी बाजूला घेतली, डोळे मिटले, हात लांब करून पट्टा ओढला आणि खाचेत बसवला. ओढताना तो पट्टा... सरळ आला नाही. मध्ये काहीतरी होतं. त्याच्यावरून वळून आला.

टिंग थांबलं.

नागोठणं गेलं, हायवे लागला. खड्डे मी असे चुकवत होतो की पेल्यातलं पाणी सांडलं नसतं. मागून हरेशचा हुंदका ऐकू येत होता. रडू दे. रडला तर बिघडलं काय? कासू गेलं, खाडीकडे वळलो. एकदा मला वाटलं, शेजारून कुणी श्वास सोडला. दमून घरी आलेला माणूस सोडतो तसा.

मिठागराच्या बांधापर्यंत गाडी नेली. भरती लागली होती. काळोखात पाणी वाफ्यांच्या बांधाला लागल्याचा आवाज येत होता. मी पट्टा सोडला. हरेश उतरला, पुढून फिरून आला आणि दार उघडलं. बापासाठी दार उघडून उभा राहिला. मान खाली.

"घर आलं, बाबा."

थोड्या वेळानं गाडी त्या बाजूनं हलकी झाली.

आम्ही तिथं बराच वेळ होतो. उजाडायला लागलं तसा हरेश बांधावर जाऊन बसला, जिथं नाथा गेला त्या जागी. त्यानंतर रोह्याला पावलं दिसली नाहीत. प्रविणनं पुन्हा काही पुसलं नाही. हरेश तीच गाडी वापरतो. शेजारची सीट रिकामी असली तरी तिच्यावर पिशवी ठेवत नाही.

थांबा, गाडीचा दिवा दिसतोय तो मालगाडीचा आहे. आपली नाही. झालं माझं, एवढंच राहिलं.

उजाडल्यावर मी सीट बघितली. मला वाटलं, मिठानं खराब झाली असेल. सीट कोरडी. स्वच्छ. मग खाली बघितलं, पाय ठेवायच्या मॅटवर. मॅट ओली होती. दोन पावलं, जुळवलेली, उजवा अंगठा बाहेर. पण पांढरं काहीच नाही. मिठाचा एक कण नाही.

मी बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं.

गोडं पाणी होतं. नळाचं.